आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, नंतरच्या दुखण्याची औषधं आणि एक 'अभ्यास': काय काय विचारून घ्यावं?

गिरणाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण घाईत निर्णय घ्यायचा नाही म्हणून सगळंच मांडतो.

आई ६६ वर्षांची. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलंय, १७ तारखेला, जळगावला. परवा भूलतज्ज्ञ मॅडमनी तपासलं आणि निघताना चार पानांचं मराठी पत्रक हातात दिलं. त्यांच्याकडे एक अभ्यास चालू आहे. ऑपरेशननंतर पाय दुखू नये म्हणून मांडीत नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देतात, ते सगळ्यांनाच मिळणार. त्यात निम्म्या पेशंटना डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) मिसळून द्यायचं, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी मिसळून. कोणाला काय मिळेल ते चिठ्ठीवर. मग पहिल्यांदा दुखायला कधी लागलं आणि २४ तासांत वरून किती औषध द्यावं लागलं, ते मोजायचं.

मोठा भाऊ ऐकताक्षणीच म्हणाला, "मायवर प्रयोग नको." त्याचं एवढं घाबरणं उगाच नाही. गेल्या मे महिन्यात आबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं (दुसऱ्या दवाखान्यात, नाव लिहीत नाही). ऑपरेशन छान झालं. तीन दिवसांनी घरी आणलं, भडगावजवळ गाव आहे आमचं, बाहेर ४५ डिग्री. टाके दुखतात म्हणून दिवसातून दोनदा गोळी. ती संपल्यावर मेडिकलमधून मीच आणून दिली, त्याच नावाची. जेवण जात नव्हतं, पाणी जेमतेम. बीपीची गोळी मात्र रोज सकाळी आठवणीने. सहाव्या दिवशी उलट्या, लघवी दिवसभरात एकदाच, तीही चहासारखी. तपासलं तर क्रिएटिनीन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारी रक्ततपासणी) ४.१. ऑपरेशनआधी ०.९ होतं. सलाइन लावून, गोळ्या बंद करून बारा दिवसांत खाली आलं, डायलिसिस टळलं. ती गोळी माझ्या हाताने दिली होती, हे डोक्यातून जात नाही.

आता आईच्या गोळ्या: बीपीची टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन, थायरॉइडची एक, आणि चाळीसगावच्या शुगरच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यापासून सुरू केलेली आणखी एक. तिची स्ट्रिप कापून दिलेली आहे, पत्र्यावर नावाचा शेवटचा तुकडाच उरलाय, '…फ्लोझिन १०'. मॅडमना दाखवायच्या यादीत ही राहिली, कारण नावच माहीत नव्हतं.

अभ्यासाला हो म्हणावं का? आणि आबांच्या वेळी काय चुकलं, ते कोणी समजावून सांगेल का?

---

भूलवैद्य | ४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

गिरणाकाठ, सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्या कापलेल्या स्ट्रिपचं बघा. मी धुळ्यात बावीस वर्षं भूल देतो, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणाऱ्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. चांगलं औषध आहे, हृदयाला आणि किडनीलाही फायद्याचं. पण ऑपरेशनच्या वेळी पोट रिकामं असतं, शरीरावर ताण असतो, अशात ही गोळी चालू असेल तर रक्तात आम्ल साठू शकतं. फसवी गोष्ट अशी की साखर २०० च्या खाली, बरेचदा अगदी बरी दिसते, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. उलट्या आणि धाप ऑपरेशनमुळे असेल असं वाटतं आणि वेळ जातो. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात बदल करून ठरलेल्या ऑपरेशनआधी किमान तीन दिवस (एका गोळीसाठी चार) बंद ठेवायला सांगितलं. मनाने बंद करू नका. उद्याच मॅडमना आणि चाळीसगावच्या डॉक्टरांना फोन करून तारीख ठरवून घ्या, त्या दिवसांत साखर कशाने आवरायची हेही त्यांनाच ठरवू द्या.

आता आबांचं. बीपीची गोळी तुम्ही लिहिली नाहीत, पण नावापुढे 'एच' होतं का? म्हणजे टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात असते ती गोळी.

तुम्ही शेतीतले आहात, पाटाच्या पाण्याने सांगतो. किडनीतल्या बारीक गाळणीला वरून रक्त आणणारं एक दार असतं आणि खाली बाहेर सोडणारं एक. शरीरात पाणी कमी पडलं की वरचं दार मोठं उघडून आणि खालचं आवळून किडनी आपला दाब टिकवते. वरचं दार उघडं ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन लागतं. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक या सगळ्या वेदनाशामक गोळ्या नेमकं तेच रसायन बनू देत नाहीत, म्हणून वरचं दार अरुंद होतं. टेल्मिसार्टनने खालचं दार सताड उघडलेलं. 'एच'ने पाटातलं पाणीच उपसलेलं. त्यात मे महिना, अन्न नाही, पाणी नाही. गाळणीला दाबच राहत नाही. सगळी औषधं योग्यच होती, एकत्र आली आणि त्यात उन्हाळा आला.

अशा म्हाताऱ्या माणसाला आमची पहिली पसंती पॅरासिटामॉल. ठरलेल्या वेळी, दुखायची वाट न पाहता. ५० किलोच्या वरच्या धडधाकट माणसाला एक-एक ग्रॅम, दिवसाला चार ग्रॅमच्या आतच. वजन कमी, यकृत कमजोर किंवा दारू असेल तर त्याहून बरंच कमी. जोडीला नसेजवळचं बधिर करणारं इंजेक्शन. डायक्लोफेनॅकच्या गटातलं काही द्यायचंच तर क्रिएटिनीन बघून, पाणी व्यवस्थित चालू असताना, मोजके दिवस. केटोरोलॅकला तर पाच दिवसांची मर्यादाच आहे. गोळी संपली की पुन्हा आणायची नाही, हे घरी सोडताना तुम्हाला कोणी तोंडाने सांगायला हवं होतं. ते राहिलं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

अभ्यासाबद्दल उद्या लिहितो, सकाळी लवकर केस आहे.

---

मेडिकलवाला_अमळनेर | ५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

दादा, स्ट्रिप कापून देतो ते आम्हीच. पेशंट म्हणतो चारच द्या, पैसे कमी आहेत. मी गेल्या वर्षापासून एक करतो, कापलेल्या तुकड्यावर नाव राहत नसेल तर पाकिटावर पेनने पूर्ण नाव आणि डोस लिहून देतो. दुकानदार बांधवांनो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, एवढं कराच.

ऑपरेशननंतर आमच्या काउंटरवर काय येतं ते सांगतो. एसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज अशी तिघांची मिळून एक गोळी. सोबत तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल. आणि शेजारच्याने सांगितलं म्हणून एक डायक्लोफेनॅक. घरच्यांना वाटतं तीन वेगळी औषधं आहेत. प्रत्यक्षात पॅरासिटामॉल दोनदा आणि एकाच गटाची दोन वेदनाशामकं जातात. गोळीच्या मागचं बारीक अक्षर वाचायला नातवाला सांगा, पण वाचा.

त्यातलं सेराशिओपेप्टिडेज सूज उतरवतं म्हणून आपण वर्षानुवर्षं विकतोय. ते मुळात जपानमधलं. तिथे पुन्हा नीट चाचण्या घेतल्या तेव्हा खोट्या गोळीपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही आणि २०११ मध्ये मूळ कंपनीने स्वतःच ते बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडे अजून जोरात चालतं.

माझे वडील हेच दुकान चालवायचे. २००४ च्या शेवटी रोफेकॉक्सिब या वेदनाशामक गोळीची खोकी परत पाठवलेली मला आठवतात, मी तेव्हा बारावीत होतो. पोटाला सोसणारी म्हणून डॉक्टर भरपूर लिहायचे. एका मोठ्या चाचणीत हार्ट अटॅक वाढलेले दिसले आणि जगभर बंद झाली. पुढच्याच वर्षी वाल्डेकॉक्सिबही गेली. ती तर बायपास झालेल्या पेशंटना दुखू नये म्हणून देऊन बघितली होती, त्यांच्यातच हृदयाचे आणि मेंदूचे झटके जास्त निघाले. वडील तेव्हा म्हणाले होते, "आपण आठ महिने ही गोळी विकली, कोणाला सांगणार?" ते वाक्य मी विसरलो नाही.

---

आडवा_प्रश्न | ५ नोव्हेंबर, संध्या. ६:०५

भाऊ बरोबर बोलतोय, मोठा भाऊ. अभ्यास वगैरे डॉक्टरांच्या डिग्रीसाठी असतात. त्यात आपल्या आईचा फायदा काय? आणि आकडे खरे कशावरून? घरात बसूनही आकडे भरता येतात.

---

तापीकाठचा | ५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मी शिरपूरचा. खांद्याचं हाड मोडलं तेव्हा अशाच एका अभ्यासात होतो. माझा अनुभव एवढाच की रात्री दर चार तासांनी एक शिकाऊ डॉक्टर येऊन विचारायची, ० ते १० मध्ये किती दुखतंय. पहाटे तीनला मी ७ सांगितलं, दहा मिनिटांत इंजेक्शन मिळालं. शेजारच्या खाटेवरचे काका अभ्यासात नव्हते, ते सकाळपर्यंत कण्हत होते, कारण त्यांना कोणी विचारलंच नाही. माझ्या वाट्याला कुठलं औषध आलं होतं ते मला आजही माहीत नाही.

---

भूलवैद्य | ६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आडवा_प्रश्न, तुमचा प्रश्न रास्त आहे. आमच्याच शास्त्रात ते घडलेलं आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये स्कॉट रूबेन नावाचे भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशननंतरचं दुखणं कमी करायला वेगवेगळ्या गटांतली औषधं एकत्र द्यावीत, या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. सेलेकॉक्सिब, प्रेगाबालिन यांवरचे त्यांचे निबंध आम्ही शिकताना वाचले, त्यावरून पेशंटना औषधं दिली. २००८ मध्ये त्यांच्याच रुग्णालयाच्या नेहमीच्या तपासणीत दिसलं की त्यांच्या दोन सादरीकरणांना नैतिकता समितीची (पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीची) मंजुरीच नाही. धागा ओढत गेल्यावर २००९ मध्ये कळलं, २१ निबंधांतले आकडे बनावट आहेत. काहींत तर एकही पेशंट नव्हता. २०१० मध्ये त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. जपानचे योशिताका फुजी तर त्याहून पुढे, ऑपरेशननंतरच्या उलट्यांवरच्या औषधांचे आणि इतर असे १७२ निबंध खोट्या आकड्यांचे निघाले. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून मी स्वतः डोस ठरवले होते.

पण हे पकडलं कशाने गेलं ते बघा. मंजुरीचा कागद मागितल्याने. म्हणून गिरणाकाठ, मॅडमना जाऊन नैतिकता समितीच्या मंजुरीचा आणि सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारा. सीटीआरआय म्हणजे आपल्या देशातली चाचण्यांची जाहीर नोंदवही, २००७ पासून आहे. पहिला पेशंट घेण्याआधी तिथे लिहावं लागतं की आम्ही काय मोजणार, किती जणांवर मोजणार. एमडीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंधही तिथे असतात. क्रमांक टाकला की मोबाइलवर कोणालाही दिसतं. नंतर मनासारखा निकाल लागला नाही म्हणून मोजायची गोष्टच बदलली, तर ते उघडं पडतं. पत्रकावर समितीच्या माणसाचा फोन नंबर असायला हवा. सहीनंतर एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. आई मध्येच 'नको' म्हणाली तर उपचारांत काहीही फरक पडता कामा नये, आणि अभ्यासामुळे काही इजा झाली तर तिचा उपचार फुकट. हे आपल्याकडच्या नियमांतच आहे.

आईला फायदा काय? कदाचित काहीच नाही, तसं पत्रकात स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते पत्रक प्रामाणिक आहे असं समजा. डेक्सामेथासोनने बधिरपणा साधारण सहा-सात तासांनी लांबतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मात्र नसेजवळ देण्यासाठी त्या औषधाला रीतसर परवानगी नाही, म्हणून विचारून, लिहून, मोजूनच द्यायचं. आणि त्याने साखर वाढते. जखम पिकेल ही जुनी भीती मात्र २०२१ मध्ये ८,८८० पेशंटच्या चाचणीने बरीच कमी केली. त्यात शिरेतून ८ मिलिग्रॅम दिलं होतं, जंतुसंसर्ग वाढलेला दिसला नाही.

अशा चाचण्यांनी आम्हाला किती वेळा तोंडघशी पाडलंय ते सांगतो. ऑपरेशनआधी मेटोप्रोलॉल हे बीपीचं औषध सुरू केलं की हृदय सांभाळलं जातं असं आम्हाला पक्कं वाटायचं. २००८ मध्ये ८,३५१ पेशंटवर बघितलं. हार्ट अटॅक खरंच कमी झाले, पण लकवा वाढला आणि एकूण मृत्यूही वाढले. २०१४ मध्ये ॲस्पिरिनचं तसंच, १०,०१० पेशंट, फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. (ज्यांना स्टेंट आहे त्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये, त्यांचं गणित वेगळं, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.) आणि रूबेन ज्याचा गाजावाजा करायचे ते प्रेगाबालिन? २०२० मध्ये त्याच्या गटातल्या औषधांच्या २८१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, पेशंटला जाणवेल असा आराम त्यातून मिळत नाही, चक्कर आणि अंधारी वाढते. म्हाताऱ्यांना ते सरसकट देणं मी बंद केलं. पेशंटनी सह्या केल्या नसत्या तर मी आजही देत असतो.

---

सातपुड्यातली_सिस्टर | ७ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

नाइट ड्यूटी संपतेय, तेवढ्यात लिहिते. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव भागात आहे.

० ते १० चा आकडा आमच्याकडे चालत नाही. पावरा आदिवासी बायकांना विचारलं की हसतात नाहीतर मान फिरवतात. चेहऱ्यांची चित्रं दाखवली तर जो चेहरा आवडला तो दाखवतात. मी मक्याचे दहा दाणे ठेवते खिशात. हातावर ठेवायचे आणि म्हणायचं, जेवढं दुखतंय तेवढे मला परत दे. काल सिझरच्या एका पोरीने नऊ दिले. तोंडावर काहीही नव्हतं तिच्या, आवाज नाही, डोळ्यात पाणी नाही. नुसतं तोंड बघितलं असतं तर मी पुढे गेले असते. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने तीन दिले.

दुसरं, आमच्या भागात सिकलसेल खूप. ऑपरेशन असेल तर तपासणी झालीच पाहिजे. उपाशी ठेवून पाणी तुटलं, थिएटरमध्ये गारठलं, ऑक्सिजन कमी पडला की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि टाक्यांपेक्षा हाडं जास्त दुखतात. अशा वेळी पेशंट सारखं औषध मागतो म्हणून त्याला सवय लागलीय असं म्हणणारे मी पाहिलेत. त्याला खरोखर दुखत असतं. किडनीही आधीच नाजूक असते त्यांची, म्हणून भूलवैद्य सरांनी लिहिलेलं पाणी आणि डायक्लोफेनॅकचं इथे दुप्पट लागू. २०२३ पासून सरकारचं सिकलसेल अभियान सुरू आहे, रंगीत कार्ड मिळतं. ते कार्ड ऑपरेशनला जाताना न्याच.

आणि उपाशी राहण्याबद्दल. साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाचा चहा मात्र जेवणात धरायचा, सहा तास आधी बंद. लोक उलट करतात. रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही आणि सकाळी सातला 'एवढासाच' चहा. मग केस पुढे ढकलावी लागते. वेळ तुमच्या डॉक्टरांकडून पक्की करून घ्या.

---

मेडिकलवाला_अमळनेर | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

सिस्टर, मक्याचे दाणे! माझ्या दुकानात येणाऱ्या आज्यांना हे विचारून बघणार.

एक राहिलं. औषध घेतल्यावर पुरळ, सूज, लघवी कमी, काहीही वेगळं झालं तर ते कळवायला १८०० १८० ३०२४ हा फुकटचा नंबर आहे, भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा. पेशंट किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात, औषधानेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही. आबांचं कळवलंय का?

---

गिरणाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आबांच्या गोळीत 'एच' होता. पाकीट काढून बघितलं. मेडिकलवाले दादा, कळवलं नव्हतं, काल फोन करून कळवलं, पंधरा मिनिटं लागली.

स्ट्रिपवरची गोळी डापाग्लिफ्लोझिनच निघाली. मॅडमनी फोनवर नाव ऐकून आधी दोन सेकंद काही बोलल्याच नाहीत. १३ तारखेपासून बंद करायची, तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ साखर तपासायची असं दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवलं.

पत्रक काल रात्री वहिनींनी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मी आणि भाऊ वाद घालत बसलो होतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माले भलतं दुखनं तं काय करतीन?" तिसऱ्या पानावर होतं ते. दुखण्याचा आकडा ४ किंवा जास्त सांगितला की कोणत्याही गटात असलं तरी लगेच वेगळं औषध. वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली. आई म्हणाली सही करते. भाऊ गप्प बसला.

---

गिरणाकाठ | २२ नोव्हेंबर, रात्री ८:१५

धागा वर काढतोय, पुढचं सांगायला.

सही करायला गेलो तेव्हा दोन्ही क्रमांक विचारले. मॅडमनी न चिडता दाखवले, सीटीआरआयचं पानही मोबाइलवर उघडून दिलं. पण त्याच पानावर, कोणाला घ्यायचं नाही त्या यादीत, मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी ८ च्या वर असलेले पेशंट होते. आईचं त्याच दिवशी ८.४ आलं. मॅडम म्हणाल्या, "डेक्सामेथासोनने साखर आणखी चढेल, मी घेऊ शकत नाही. आधीच सांगायला हवं होतं, पण रिपोर्ट आजच आला." ऑपरेशन पुढे ढकलायचं का यावर दोन्ही डॉक्टर बोलले आणि जपून करू असं ठरलं. घरी येताना आई नाराज होती. "मंग मी कामनी नही शे का?" भावाने समजूत घातली तिची, ज्याचा विरोध होता त्याने.

१७ ला ऑपरेशन झालं. पाठीतून भूल, मांडीत बधिर करणारं साधं इंजेक्शन, पॅरासिटामॉल वेळेवर. डायक्लोफेनॅक अजिबात नाही, कागदावर लाल शाईने लिहून घेतलं होतं. पहिल्या रात्री दोनच्या सुमारास जोरात दुखायला लागलं, ट्रामाडॉलचं इंजेक्शन द्यावं लागलं, त्याने मळमळलं, उलटीचं औषध दिलं. ती रात्र अवघड गेली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून दाराशी जाऊन आली. क्रिएटिनीन ०.८, लघवीतलं कीटोनही (रक्तात आम्ल साठत असल्याची खूण) तपासलं, नव्हतं.

मी खिशात मक्याचे दहा दाणे नेले होते, सिस्टर. रात्री दोनला तिने आठ दिले. आज दुपारी जेवण झाल्यावर दोन दिले, आणि उरलेले खिडकीत चिमण्यांना टाक म्हणाली.

---

सातपुड्यातली_सिस्टर | २३ नोव्हेंबर, पहाटे ४:४०

आईंना नमस्कार सांगा. गुडघा वाकवायचे व्यायाम दुखतील, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉल येईल अशी वेळ मॅडमकडून लावून घ्या. आणि नवीन दाणे ठेवा खिशात, अजून सहा आठवडे लागतील.